उल्हासकाठची भटकंती: बदलापूर ते कर्जत पट्ट्यात कधी, कोठे आणि कोठवर जावे

बदलापुरात नुकत्याच राहायला आलेल्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि पासष्टी ओलांडलेले आजोबा आहेत, रविवारी उल्हास नदीच्या परिसरात पायी हिंडायचे आहे, तेव्हा पाहण्यासारखी ठिकाणे कोणती, सोप्या वाटा कोणत्या, आणि पावसाळ्यात सगळे जातात त्या धबधब्यांवर जावे की नाही? या पट्ट्यात मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ लहान-मोठे गट घेऊन फिरत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही की, येथे ठिकाणांची नुसती यादी हाती असून भागत नाही. जानेवारीत ज्या खडकावर बसून आपली मुलगी खंड्या पाहील, तोच खडक जुलैत दोन पुरुष खोल पाण्याखाली असतो. म्हणून कोठे जायचे याच्या आधी कधी जायचे हे ठरवावे आणि ते पाण्याकडे पाहून ठरवावे. पुढचे सारे उत्तर मी याच क्रमाने देत आहे.

आधी भूगोल डोळ्यांसमोर असावा. उल्हास नदी राजमाची किल्ल्याच्या परिसरातील दऱ्यांतून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर असा उत्तरेकडे प्रवास करते, कल्याणजवळ पश्चिमेला वळते आणि सुमारे १२२ किलोमीटरच्या वाटचालीनंतर वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. बदलापूरहून लोकलने कर्जतकडे जाताना डाव्या खिडकीच्या बाजूला नदीचे खोरे असते आणि उजव्या खिडकीत मलंगगडापासून तावली, चंदेरी, नाखिंड, पेब करत माथेरानपर्यंत गेलेली डोंगररांग उलगडत जाते. आपल्याला हिंडायचे आहे ते या दोन्हींच्या मधल्या आणि काठच्या प्रदेशात. खासगी वाहन नसले तरी काही बिघडत नाही, कारण वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत ही स्थानके म्हणजेच आपल्या वाटांची तोंडे आहेत. माझा आग्रहच असा असतो की पहिली एक फेरी कोठेही न उतरता, फक्त खिडकीत बसून कर्जतपर्यंत जाऊन येण्यासाठी करावी; डोंगरांची नावे एकदा ओळीने पाठ झाली की पुढे वाट चुकण्याची भीती निम्मी होते.

आता या नदीचे एक वैशिष्ट्य, जे येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक नद्या फाल्गुन-चैत्रात डबक्यांच्या माळा होऊन बसतात. उल्हास मात्र बदलापूरजवळ भर मे महिन्यातही वाहताना दिसते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मावळातील आंध्रा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाणारे. टाटांच्या कंपनीने ठोकरवाडी येथे तिच्यावर धरण बांधले, ते पाणी घाटाखाली सुमारे अर्धा किलोमीटर खोल उतरवले आणि १९२२ पासून भिवपुरी येथील केंद्रात त्यावर वीज तयार होऊ लागली. वीज करून झाल्यावर हे पाणी पेज नदीत सोडले जाते आणि पेज पुढे उल्हासला मिळते. म्हणजे उन्हाळ्यात बदलापूरच्या काठावर आपण जे पाणी पाहतो, त्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पलीकडच्या बाजूला पडलेल्या पावसाचा असतो, आणि खालच्या अनेक शहरांचे पिण्याचे पाणीही यावरच अवलंबून आहे. (नावाचा घोटाळा टाळण्यासाठी सांगतो: हे वीजकेंद्र भिवपुरी रोड स्थानकाजवळ नाही, ते बरेच पूर्वेला, घाटाच्या पायथ्याशी आहे.)

ही माहिती केवळ गंमत म्हणून दिलेली नाही. वीजकेंद्र गरजेप्रमाणे चालते, त्यामुळे पेजचे पाणी आकाश निरभ्र असतानाही वर-खाली होते. एका एप्रिलमध्ये कर्जतच्या पूर्वेला नदीच्या मधोमध असलेल्या खडकावर चटई अंथरून बसलेले एक कुटुंब मी पाहिले होते. पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्या गुराख्याने दोनदा हाका मारल्या तेव्हा ते उठले, आणि अर्ध्या तासात त्या खडकाचे फक्त टोक दिसत होते. ढग नव्हता, पाऊस नव्हता, पण पाणी होते. पेजच्या काठी बसायला हरकत नाही, ती जागा सुंदरच आहे. मात्र पात्राच्या मधल्या खडकावर, वाळूच्या बेटावर किंवा जेथून परत यायला पाणी ओलांडावे लागेल अशा कोणत्याही जागी बसू नये. खडकांवर ओलाव्याची जी आडवी रेष दिसते ती पाणी रोज कोठवर चढते ते सांगते; आपले सामान नेहमी तिच्या वर ठेवावे.

नदीकाठाने चालण्याचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. बदलापूर पश्चिमेच्या बाजूने नदीकडे उतरले की बॅरेजच्या, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याच्या, परिसरात आणि त्याच्या वरच्या-खालच्या गावांच्या शिवारात सकाळी दीड-दोन तास सपाटीवर चालता येते, आणि आजोबांसाठी यासारखी दुसरी जागा नाही. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. पहिल्या तासाभरात धुक्याच्या वाफा पाण्यावरून सरकत असतात आणि पक्षी काठावर असतात. नऊ वाजल्यानंतर दोन्ही नाहीसे होतात. पाणकावळे पंख पसरून खांबावर वाळत बसलेले दिसतील. वंचक ओळखायला मुलीला थोडा वेळ लागेल, कारण मातकट रंगाचा हा बगळा काठावर बसलेला असताना दगडासारखा दिसतो आणि उडाला की एकदम पांढरा होतो. खंड्या, टिटवी आणि हळदी-कुंकू बदक हे नेहमीचे. हिवाळ्यात शेपटी वरखाली हलवत दगडावरून दगडावर जाणारा धोबी हा पाहुणा. दुर्बीण नसली तर घाई करून विकत घेऊ नये. आधी सहा रविवार नुसत्या डोळ्यांनी पाहावे, कोणता पक्षी कोणत्या उंचीवर बसतो ते मुलीला वहीत लिहायला लावावे, मग दुर्बिणीचा उपयोग कळतो.

काठावरची झाडेही नीट पाहण्यासारखी आहेत. पुराच्या पट्ट्यात टिकणारी झाडे वेगळी असतात: वाळुंज आणि करंज पाण्याला लागून, उंबर आणि जांभूळ थोडे वर. फेब्रुवारीत काटेसावर आणि मार्चच्या आसपास पांगारा व पळस फुलतात, तेव्हा एकाच झाडावर पाच-सहा जातींचे पक्षी मधासाठी भांडताना दिसतात. जांभळाचा उल्लेख निघालाच आहे तर सांगतो, बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मे महिन्याच्या शेवटी गावांत फेरी मारली तर ते का मिळाले याचा उलगडा जिभेवर होतो.

या चालण्याचा एक शिष्टाचार पाळावा. नदीकडे जाणाऱ्या पायवाटा बहुधा शेतांच्या बांधांवरून जातात आणि ती कोणाची तरी मालकीची जमीन असते. बांधावर दिसेल त्या माणसाला विचारून पुढे जावे. मला आजवर क्वचितच कोणी नाही म्हटले आहे, आणि जेथे म्हटले तेथे आधीच्या लोकांनी टाकलेल्या बाटल्यांच्या काचा शेतात सापडल्या होत्या. खाली कल्याणच्या दिशेने, रायते आणि मोहने या भागांत उन्हाळ्याकडे पात्रावर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. लांबून तो कुरणासारखा मोहक दिसतो, पण सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर पोसलेली ती वनस्पती आहे, आणि तिच्यावर पाय ठेवून पाहण्याचा मोह मुलांना होतो. त्याखाली खोल पाणी असते, म्हणून त्या पट्ट्यात मुलीचा हात सोडू नये.

ज्या दिवशी कोणाला फार चालायचे नसेल त्या दिवशी एकच स्थानक मागे जाऊन अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. वालधुनी नदीच्या काठावरचे हे मंदिर शिलाहारांच्या काळातील असून तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. गाभारा सभामंडपाच्या पातळीच्या खाली आहे आणि पायऱ्या उतरून त्यात जावे लागते. बाहेरच्या भिंतींवरचे शिल्पकाम सकाळच्या तिरप्या उन्हात जसे उठून दिसते तसे दुपारी दिसत नाही, म्हणून आठच्या आत पोहोचावे आणि आत जाण्यापूर्वी बाहेरून संपूर्ण प्रदक्षिणा घालावी. महाशिवरात्रीच्या गर्दीत मात्र शिल्पे पाहण्याच्या उद्देशाने जाऊ नये. मंदिराशेजारच्या वालधुनीची आजची अवस्था पाहून वाईट वाटेल. तरीही मुलीला ती दाखवावी.

आता डोंगराकडे वळू. येथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण या रांगेतील सर्वांत देखणा किल्ला हाच सर्वांत धोक्याचा आहे आणि नवे लोक नेमके तेथूनच सुरुवात करतात. मी चंदेरीबद्दल बोलतो आहे. वांगणीहून त्याचा कातळसुळका असा काही दिसतो की पाय आपोआप तिकडे वळतात. पण वरचा टप्पा घसरड्या मुरमाचा आणि कातळाचा असून तेथे पाय निसटला तर सावरायला जागा नाही. दोर आणि जाणते लोक सोबत नसतील तर सुळक्याखालच्या गुहेच्या पुढे जाऊ नये, आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तर तूर्त तिकडे फिरकूच नये. कर्जतजवळच्या ढाक बहिरीच्या गुहेबद्दलही हेच. तेथील कातळातली आडवी वाट ही गिर्यारोहणाच्या सरावाची बाब आहे, रविवारच्या सहलीची नव्हे.

सुरुवात सोंडाईपासून करावी. कर्जतच्या बाजूला सोंडेवाडीवरून चढणारा हा छोटा गड दीड-दोन तासांत गाठता येतो, वाट ठळक आहे, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि कठीण जागी शिडी लावलेली आहे. मुलीला शिडीची भीती वाटते की मजा, हे येथे कमी उंचीवर कळून येते आणि पुढच्या निवडी त्यावरून करता येतात. वरून मोरबे धरणाचे पाणी आणि माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड अशी रांग दिसते. इर्शाळगडाच्या पायथ्याची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. त्या डोंगराकडे लांबूनच पाहावे आणि मुलीने विचारले तर काय झाले ते तिला सांगावे.

दुसरा टप्पा पेठचा किल्ला, ज्याला कोथळीगड म्हणतात. कर्जतहून आंबिवलीपर्यंत वाहनाने जावे लागते, तेथून पेठ गावापर्यंत रुंद वाट आहे आणि गावातून पुढे खरी चढण लागते. या किल्ल्याचे वेगळेपण म्हणजे सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना: बाहेरून अवघड दिसणाऱ्या कातळावर आपण आतल्या पायऱ्यांनी चढत जातो आणि एकदम माथ्यावर निघतो. खालच्या गुहेतील कोरीव खांब पाहायला विसरू नये; घाईत वर जाणाऱ्यांपैकी अर्धे लोक ते पाहतच नाहीत. आजोबांना एवढे चढायचे नसेल तर त्यांनी मागे थांबावे लागले असे वाटू देऊ नये, कारण आंबिवलीजवळ चिल्हार नदीच्या काठावर एक प्राचीन लेणे आहे आणि तेथपर्यंतचे चालणे सपाटीचे आहे. दोन पिढ्यांनी सकाळी दोन वाटा धरून दुपारी एकत्र यावे, अशी ही सोय क्वचित मिळते.

यानंतर पेब, म्हणजे विकटगड. नेरळहून चढायला तीन तास धरावेत. लोखंडी शिड्या आणि उभा चढ यांमुळे दम लागतो, पण वाट वर्दळीची आहे. बरेच जण उतरताना पेबवरून माथेरानच्या छोट्या रेल्वेच्या रुळांवर येतात आणि रुळांच्या कडेने चालत राहतात. त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जेथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे अशा वळणावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा राहत नाही. गाड्यांच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात, कानांत काही घालू नये आणि मुलीला रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला ठेवावे. मुख्य मार्गाच्या रुळांवरून चालणे तर सरळ गुन्हा आहे. भिवपुरीच्या परिसरात शॉर्टकट म्हणून लोक ते करतात, आपण करू नये.

माथेरानला मी मुद्दाम वेगळे ठेवले आहे, कारण ते अनेकांना बाजारपेठ आणि घोडे यांपुरतेच ठाऊक असते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वर चढले आणि त्यानंतर हे ठिकाण वसले. १९०७ मध्ये नेरळहून दोन फुटी रुळांची रेल्वे वर पोहोचली. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे आणि दस्तुरीच्या, म्हणजे माथेरानच्या प्रवेशनाक्याच्या, पुढे खासगी मोटारी जात नाहीत. पायी फिरणाऱ्याला याचा अर्थ असा की जांभ्याच्या लाल मातीच्या, दाट सावलीच्या, खासगी वाहनांपासून मुक्त वाटा एका पठारावर जोडलेल्या आहेत आणि फार चढउतार न करता त्यावर पूर्ण दिवस घालवता येतो. एप्रिल-मेमध्ये खाली नदीकाठी अंग भाजत असताना आजोबांना येथेच आणावे. बाजारपेठेपासून दूर असलेल्या टोकांकडे सकाळीच जावे, म्हणजे गर्दी जागी होण्याआधी आपण परतीच्या वाटेवर असतो. मुलीचा सराव झाल्यावर हिवाळ्यात एकदा भिवपुरी रोडहून पाली-भूतिवली धरणाच्या कडेने, सागाची वाडी आणि गार्बेटच्या पठारावरून माथेरान गाठावे. या संपूर्ण पट्ट्यात मला ही वाट सर्वांत आवडते, कारण तिच्यावर धरणाचे पाणी, भातखाचरे, वाडी, गवताळ पठार आणि शेवटी दाट रान असे सगळे एकापाठोपाठ भेटते. चार ते पाच तासांचा चढ आहे. पठारावर सावली नाही, त्यामुळे पहाटेची लोकल चुकवली तर ती सहल त्या दिवशी रद्द समजावी.

उगमाकडे जायचे असेल तर कोंडाणे. कर्जतहून कोंडिवडे गावापर्यंत वाहन, पुढे रानातून तासाभराहून थोडी अधिक चाल, आणि झाडांच्या आडून अचानक कातळात कोरलेले चैत्यगृह समोर येते. इसवी सनाच्या आधीच्या काळातील हे बौद्ध लेणे आहे. दर्शनी भाग लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल करून कोरला आहे, आणि बाजूच्या एका मूर्तीजवळील छोट्या लेखात कण्हाचा शिष्य बलुक याने हे केले असे म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव असे सहसा हाती लागत नाही. मुलीला ते अक्षर बोटाने, स्पर्श न करता, दाखवावे. लेण्यावरून पुढे राजमाचीचा चढ सुरू होतो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले गाठून त्याच दिवशी परतायचे असेल तर दमदार माणसांनीच पुढे जावे. पाऊस सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यांत राजमाचीच्या परिसरातील झाडे काजव्यांनी लखलखतात, पण तेव्हा तेथे एवढी माणसे आणि विजेऱ्या येतात की काजव्यांच्या प्रजननातच अडथळा येतो. काजवे पाहायचेच असतील तर आपल्याच परिसरातील एखाद्या शांत वाडीच्या कडेला, दिवा न लावता, लांबून पाहावेत.

आता प्रश्नाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो: पावसाळा आणि धबधबे. बदलापूर पूर्वेकडून भोजच्या तलावावरून कोंडेश्वरला जाण्याचा रस्ता आषाढ-श्रावणात अतिशय सुंदर असतो, आणि कोंडेश्वरच्या कुंडात जवळपास दर पावसाळ्यात कोणी ना कोणी बुडते. पोहता येणारी माणसेही बुडतात, त्याचे कारण समजून घ्यावे. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी आदळून खडक खोल कोरत जाते, त्यामुळे काठापासून दोन पावलांवर एकदम खोली लागते. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा धबधब्याकडे ओढले जाते, म्हणून त्यात सापडलेला माणूस काठाकडे येण्याऐवजी आतल्या बाजूला खेचला जातो. शिवाय पाणी फेसाळलेले असल्याने शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. अशा ठिकाणी पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही. बारवी नदीच्या खालच्या अंगाला धोका आणखी वेगळा आहे: धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही नदीची पातळी चढते.

एकदा ऑगस्टमध्ये चंदेरीच्या पायथ्याच्या रानात बारा जणांचा गट घेऊन गेलो होतो. सकाळी जो ओढा आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता, तोच दुपारी चार वाजता मांडीच्या वर आला होता. आमच्याकडे फक्त भुरभुर होती, पाऊस वर डोंगरात कोसळला होता. पलीकडे गाव दिसत होते, हाकेच्या अंतरावर, आणि गटातील दोघांचे म्हणणे होते की हात धरून साखळी केली तर सहज पार होऊ. मी नकार दिला. आम्ही अडीच तास एका करंजाखाली उभे राहिलो, पाण्याजवळ एक दगड खुणेसाठी ठेवला, तो पुन्हा पूर्ण कोरडा झाल्यावर अंधारात ओढा ओलांडला आणि शेवटून दुसरी लोकल पकडली. त्या दोघांपैकी एक जण पुढे दोन वर्षे माझ्याशी नीट बोलत नव्हता.

पाणी चढण्याच्या खुणा अशा असतात: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते, पाने आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज घुमू लागतो आणि काठावरची हवा एकदम गार होते. यातील एकही खूण दिसली की सामान गोळा न करता वर चढावे. आपण ज्या काठावर सुखरूप आहोत तो काठ सोडू नये, मग घराकडचा काठ पलीकडचा असला तरी.

पावसाळ्यात ठाणे आणि रायगड जिल्ह्यांचे प्रशासन धोक्याच्या धबधब्यांवर व धरणांवर प्रतिबंधात्मक आदेश काढते. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश लागू असलेल्या ठिकाणी जाऊन पोलिसांशी हुज्जत घालण्याऐवजी निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा आदेश पाहावा. आषाणेचा धबधबा, कोंडेश्वर आणि अनेक लहान धरणे त्यात वारंवार असतात. नदीकाठच्या वाटाही जून ते सप्टेंबर पूर्णपणे बंद ठेवाव्यात असे माझे मत आहे. २६ जुलै २००५ चा पूर येथील जुने रहिवासी विसरलेले नाहीत. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. रेल्वेची गाडी जेथे अडकते तेथे पायी माणसाचे काय चालणार? पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पावसाळ्यात निळ्या रेषेच्या आत फिरायला जाऊ नये, एवढा साधा नियम घरात करून टाकावा.

मग पावसाळ्यात घरीच बसावे का? तसे अजिबात नाही. माथेरानचे पठार जोरदार पावसातही चालण्याजोगे असते, फक्त कड्यांच्या टोकांपासून आणि धुक्यात कठड्यांपासून दूर राहावे. नेरळपासूनची गाडी पावसाळ्यात बंद असली तरी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची गाडी सहसा चालू असते. अंबरनाथचे मंदिर ओल्या काळ्या दगडात अधिक खुलते. भोजच्या रस्त्यावरून, पाण्यात न उतरता, भाताची लावणी पाहत छत्री घेऊन चालणे हाच एक उत्तम कार्यक्रम आहे. आणि धबधबे पाहायचेच असतील तर लोकलच्या उजव्या खिडकीतून नेरळ ते भिवपुरी या टप्प्यात ते ओळीने दिसतात.

सामानाबद्दल थोडक्यात. खोबणीदार तळव्याचे बूट, माणशी दोन लिटर पाणी, शिट्टी, विजेरी, फोनवर आधी उतरवून घेतलेला नकाशा, आणि परतीच्या शेवटच्या तीन लोकलच्या वेळा कागदावर. उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यातून चालू नये. चालावे लागले आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना त्या चालण्याबद्दल आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार वेळेत होतो. गवतात काठी आपटत चालावे, दगड उचलून त्याखाली हात घालू नये; या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत, आणि दंश झालाच तर चिरा देणे किंवा आवळून बांधणे असले काही न करता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. कातळकड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य.

पहिल्या चार सहलींचा क्रम मी असा ठेवेन. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून नदीकाठ, सहा वाजता घराबाहेर आणि नऊला परत. दुसऱ्या रविवारी अंबरनाथ. तिसऱ्या वेळी सोंडाई, आणि आजोबांनी पायथ्याच्या गावात थांबावे. चौथ्या वेळी आंबिवली, आजोबा लेण्याकडे आणि बाकीचे किल्ल्यावर. पेब आणि गार्बेट डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावेत. तोवर मुलीच्या वहीत किती पाने भरली आहेत आणि सोंडाईच्या शिडीवर ती काय म्हणाली, ते मला कळवावे, म्हणजे दोन्हींपैकी आधी कोणते ते ठरवता येईल.